सिग्नल लाल, गाडी बंद!

आयडलवर काटा नाचतोय, ब्रेकवर पाय ठेवला की इंजिन गप्प, आणि गॅरेजवाले म्हणतायत ‘विकून टाका’... थांबा! आधी गाडीचं ऐकून तर घ्या.

मंगळवार सकाळ, पावणेनऊ. शेजारच्या सीटवर बाबा, त्यांच्या मांडीवर रिपोर्ट्सची फाइल. त्यांना बाणेरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोडायचं, तिथून हिंजवडी गाठायची आणि दहाच्या मीटिंगला ‘मी कधीची आलेय’ असा चेहरा करून बसायचं, हा माझा प्लॅन. चांदणी चौक ओलांडला, बावधनच्या बाजूचा उतार लागला. पुढे नेहमीसारखी गाड्यांची रांग. क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला आणि... इंजिन बंद.

तसं ते महिनाभर बंद पडतच होतं. नळ स्टॉपला, युनिव्हर्सिटी चौकात, एकदा तर सोसायटीच्या गेटात, वॉचमनच्या साक्षीने. पण ते सगळं सपाटीवर. इथे उतार होता आणि गाडी घरंगळत होती. ब्रेक दाबला तर पेडल लाकडासारखं कडक! स्टिअरिंग जड. पुढच्या टेम्पोच्या मागे लिहिलेला ‘आईचा आशीर्वाद’ मोठा मोठा होत चालला. मी काहीतरी ओरडले असणार. बाबा मात्र अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘दोन्ही पाय घाल ब्रेकवर. सगळा जोर लाव.’’ आणि त्यांनी हँडब्रेक ओढला.

टेम्पो आणि आमच्यात वीतभर जागा उरली.

तोपर्यंत ‘जुनी गाडी, तिचे नखरे’ म्हणून मी हसण्यावारी नेत होते. ऑफिसात त्यावर जोकही मारून झाले होते. त्या दिवशी मीटिंगमध्ये पेन धरताना हात थरथरत होता तेव्हा कळलं, की हा जोक नाही.

अकरा हजारांचा अंदाजपंचे

आमची गाडी २००४ ची. पेट्रोल, छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण वीस वर्षांनी रबर कुणाचंही चिरतं. बाबांनी ती रिटायरमेंटच्या आधी घेतली, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर चावी माझ्याकडे दिली. २०१९ मध्ये तिची पंधरा वर्षं भरली, तेव्हा रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं आणि २०२४ मध्ये पुन्हा. या दुसऱ्या खेपेला नुसती फीच पाच हजार (२०२२ पासून हा आकडा सहाशेवरून एकदम तिथे गेला), वर ग्रीन टॅक्स वेगळा. म्हणजे सरकारदरबारी ती अजून जिवंत. फक्त सिग्नलला मरायची.

घराजवळच्या गॅरेजमध्ये तीन आठवड्यांत चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत प्लग बदलले. दुसऱ्या फेरीत एअर फिल्टर आणि फ्युएल फिल्टर. तिसऱ्या फेरीत बॅटरी, ‘‘मॅडम, करंट कमी पडतोय’’ म्हणून. चौथ्या फेरीत त्यांनी एक स्क्रू फिरवला आणि म्हणाले, ‘‘स्लो वाढवून दिलाय. आता बंद नाही पडणार.’’ एकूण बिल अकरा हजार चारशे. दोन दिवस खरंच नाही पडली. मग काटा आठशेवरून दीड हजारावर, तिथून परत सहाशेवर असा झोके घेऊ लागला. गाडी उभी असताना आतल्या माणसाला बोटीत बसल्यासारखं वाटायचं.

पाचव्या वेळी निदान आलं : ‘ईसीयू गेला’. म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. खर्च वीसेक हजार. ‘‘त्यापेक्षा विकून टाका, मॅडम. आणि पुढच्या वेळी सरांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.’’ जुन्या गाड्यांच्या डीलरने पस्तीस हजार सांगितले. चांदणी चौकाचा प्रकार झाला नसता, तर मी ते घेतलेही असते. पण झाल्यावर एक विचार डोक्यातून जाईना. ही गाडी अशीच्या अशी मी दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांना विकणार होते.

‘बंद पडते’ म्हणजे नक्की काय होतं?

शेवटी ऑफिसातल्या एका मित्राने कोथरूडच्या एका गल्लीतला पत्ता दिला. पत्र्याची शेड, भिंतीवर पान्यांची ओळीने मांडामांड, आणि साठीच्या पुढचे एक काका. मी बोनेट उघडायला गेले तर म्हणाले, ‘‘राहू दे ताई. आधी बसा, चहा घ्या आणि सांगा. कधी बंद पडते?’’

‘‘कधीही.’’

‘‘कधीही असं काही नसतं.’’

आपण आयटीवाले काय करतो? ‘ॲप चालत नाही’ एवढंच लिहिलेलं तिकीट आलं की कपाळावर हात मारतो. कुठल्या स्क्रीनवर, काय दाबल्यावर, कुठल्या फोनवर, काहीतरी सांग ना बाबा! मीही नेमकं तेच करत होते. गॅरेजला गाडी लावायची, ‘बंद पडतेय’ म्हणायचं, चावी द्यायची आणि ऑफिसला पळायचं. समोरचा माणूस मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसणार. बिल आपल्याला.

काकांचे प्रश्न साधे होते. सकाळी थंड असताना बंद पडते, की अर्धा तास चालल्यावर? एसी चालू असताना, की बंद असताना? पेट्रोल भरून पंपाबाहेर निघाल्यावर? पावसात? बंद पडते तेव्हा आधी झटके खाते, की लाइट गेल्यासारखी एकदम जाते? परत लगेच सुरू होते, की थांबावं लागतं? आणि पाय तेव्हा कुठे असतो?

यातलं प्रत्येक उत्तर एकेका दिशेला बोट दाखवतं. एकदम, काहीही कुरकुर न करता बंद पडली आणि थंड झाल्याशिवाय सुरू होत नसेल, तर संशय क्रँक सेन्सरवर. इंजिनाचे फेरे मोजणारा हा सेन्सर जुना झाला की तापल्यावर दगा देतो, आणि फेरे कळले नाहीत की ईसीयू ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. आचके देत, दम लागल्यासारखी बंद पडत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय : टाकीतला पंप, नाहीतर फिल्टर. फक्त थंड असताना रडत असेल, तर पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत असू शकतो. इंजिन गार असताना मिश्रण जास्त घट्ट लागतं आणि ईसीयूला वाटतंय की इंजिन केव्हाच तापलंय. फक्त एसीवर बंद पडत असेल, तर कॉम्प्रेसरचं ओझं आलं की आयडल जरा उचलायची जी सोय असते, ती काम करत नाहीये. टाकी फुल्ल केल्यावरच पडत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल. पहिल्या पावसात पडत असेल, तर प्लगच्या वायरी आणि, गाडी आणखी जुनी असेल तर, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये शिरलेली ओल.

पुढचे दोन दिवस गाडी फक्त सोसायटीच्या आसपास, सपाट रस्त्यावर चालवायची आणि लिहून ठेवायचं, असा होमवर्क मिळाला. मोबाइलच्या नोट्समध्ये अकरा नोंदी झाल्या. थंड असताना एकदाही नाही. एसीचा संबंध नाही. तापल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी. आणि अकरापैकी नऊ वेळा पाय ब्रेकवर होता.

ती नोंद वाचून काका पहिल्यांदा खुर्चीतून उठले.

स्ट्रॉमधून श्वास

आता थोडा फंडा क्लिअर करून घेऊ, म्हणजे पुढची गंमत कळेल.

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीने नुसतं फिरत राहतं ते आयडल, गॅरेजच्या भाषेत ‘स्लो’. साधारण आठशे फेरे, मिनिटाला. हवा आत जाण्याच्या वाटेवर एक गोल झडप असते, थ्रॉटल. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा खरं तर पेट्रोल नाही, ही झडप उघडत असता. पाय काढला की ती जवळजवळ पूर्ण मिटते, आणि इंजिन बाजूच्या एका बारीक वाटेने श्वास घेतं. त्या वाटेवर आयडल व्हॉल्व्ह बसलेला असतो. किती हवा सोडायची, हे ईसीयू त्याच्याकरवी ठरवतो.

म्हणजे हायवेला इंजिन छाती भरून श्वास घेतं, आणि सिग्नलला स्ट्रॉमधून. आता स्ट्रॉला एक बारीकसं भोक पडलं तर? हायवेला पत्ताही लागणार नाही. सिग्नलला सगळा हिशेब बिघडेल. ‘एक्स्प्रेस-वेवर लोण्यासारखी चालते हो, गावातच रडते,’ हे जुन्या गाड्यांचे मालक नेहमी सांगतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

आणि तो झोके घेणारा काटा? तोही वेडा नसतो. समजा कुठूनतरी जास्तीची हवा आत येतेय. आमच्यासारख्या गाडीत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याला दिसतं की हवा वाढलीय, मग ईसीयू त्या मापाने पेट्रोल वाढवतो. फेरे चढतात. ईसीयू आयडल व्हॉल्व्ह मिटवून बघतो, पण हवा भलत्याच दाराने येतेय, तिच्यावर त्याचा ताबा नाही. मग तो विचार करतो : ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि फेरे एवढे? नक्कीच गाडी उतारावर आहे! उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं? बंद. फेरे धपकन खाली. अरे, आता इंजिन मरणार! सोड पेट्रोल. फेरे पुन्हा वर. हा लपंडाव चालू राहतो. आणि कधीतरी खाली आलेला काटा सावरत नाही. तीच ती सिग्नलची शांतता.

बिचारा ईसीयू! वीस हजारांच्या ज्या कॉम्प्युटरला ‘गेला’ म्हणत होते, तो एकटाच आपलं काम इमानदारीत करत होता.

स्क्रू फिरवून ‘स्लो वाढवणं’ म्हणजे ताप आलेल्याला पंख्याखाली बसवणं. ती झडप किती मिटावी, ते कारखान्यात ठरवून दिलेलं असतं. ती थोडी उघडी ठेवली की बंद पडणं काही दिवस झाकलं जातं, पण आपल्याकडे आणखी हवा येते आणि झोके वाढतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात स्लोचा स्क्रू फिरवणं ही रीतसर दुरुस्ती होती. बाबा त्यांच्या त्या वेळच्या गाडीचा स्वतः करायचे, कान लावून. पण २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेले आणि घरोघरी इंजेक्शनच्या गाड्या आल्या. स्क्रूड्रायव्हर मात्र बऱ्याच हातांत तोच राहिला.

पकडीने पाइप दाबला आणि...

काकांनी बोनेट अजूनही उघडलं नव्हतं. मला म्हणाले, ‘‘इंजिन चालू करा. मिनिटभर ठेवा. बंद करा. आता ब्रेक दाबा.’’

दाबला. कडक.

‘‘पहिल्याच वेळी?’’ त्यांनी स्वतः दाबून पाहिला. ‘‘हां. सापडला चोर.’’

तुमच्या गाडीवर ही टेस्ट आज संध्याकाळी पार्किंगमध्ये करून बघा, फुकट आहे. ब्रेकचं पेडल आपल्याला हलकं लागतं, कारण पाय आणि ब्रेक यांच्यामध्ये बूस्टर नावाचा एक डबा असतो. पेट्रोल गाडीत इंजिनच्या मॅनिफोल्डमधून एक जाड रबरी पाइप त्याच्याकडे जातो. इंजिन हवा ओढतं, तेव्हा या डब्यातलीही हवा ओढून घेतं. त्या पोकळीच्या जोरावर तुमच्या पायाचा जोर कितीतरी पट होतो. पाइपावर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी एक-दोन ब्रेक पुरतील एवढी पोकळी डब्यात शिल्लक राहावी. म्हणून इंजिन बंद केल्यावर पहिला ब्रेक मऊ लागायला हवा, दुसरा-तिसरा कडक होत जायला हवा. आणि कडक झालेलं पेडल तसंच दाबून धरून इंजिन सुरू केलं, तर ते पायाखाली थोडं खचायला हवं. नाही खचलं, किंवा पहिलाच ब्रेक कडक लागला, तर हेडलाइटचं पॉलिश आणि सीट कव्हर नंतर. आधी हे.

माझ्या अंगावर काटा आला. महिनाभर आम्ही ‘इंजिनाची तक्रार’ म्हणून जे शोधत होतो, ती ब्रेकचीही तक्रार होती. एकच पाइप. तो गळत होता म्हणून आयडल नाचत होतं, आणि तोच गळत होता म्हणून इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला शिल्लक काहीच राहत नव्हतं. उतारावर दोन्ही एकदम झालं.

मग बोनेट उघडलं. काकांनी रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला, दुसरं टोक इंजिनावरून हळूहळू फिरवत. डॉक्टर छाती तपासतात ना, डिट्टो. एका जागी थांबले आणि नळी माझ्या हातात दिली. बारीक, सुईसारखं ‘सूंऽऽ’. मग त्यांनी पक्कड घेतली, तिच्या दातांवर फडकं गुंडाळलं आणि बूस्टरकडे जाणारा पाइप मॅनिफोल्डजवळ चिमटीत दाबून धरला.

काटा सहाशे-बाराशे-सहाशे करत होता. थांबला. तसाच थांबला.

पक्कड सोडली, पुन्हा नाच सुरू. दाबली, थांबला. तीन वेळा करून दाखवलं. अकरा हजार चारशे रुपयांचं उत्तर एका पकडीत होतं.

पाइप वरून अगदी धडधाकट दिसत होता. काढून उलटा केला आणि वाकवला, तेव्हा खालच्या अंगाला, वळणावर, व्हॉल्व्ह आणि बूस्टर यांच्या मधे बोटाच्या पेराएवढी चीर. इंजिन थंड असताना रबर घट्ट, चीर मिटलेली. तापलं की रबर मऊ पडायचं, इंजिन हलेल तशी चीर उघडायची, मिटायची. कधी हवा जास्त, कधी अचानक कमी. म्हणून थंड असताना गॅरेजमध्ये गाडी नेली की ती शहाण्या मुलीसारखी वागायची! पेशंट डॉक्टरसमोर बसला की खोकला थांबतो, त्यातलाच प्रकार.

अशी गळती शोधायला काही जण इंजिन चालू ठेवून संशयाच्या जागी कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर तो पेटू शकतो, त्या भानगडीत पडू नका. मोठ्या वर्कशॉपमध्ये धुराचं मशीन असतं, धूर जिथून बाहेर येतो तिथे गळती. बरं, आणि स्कॅनर? पाच-सातशे रुपयांचं ब्लूटूथ स्कॅनर मीही ऑनलाइन मागवलं होतं. पण आपल्याकडे गाड्यांमध्ये ओबीडीची सक्ती आली ती २०१० मध्ये, त्यामुळे आमच्या २००४ च्या गाडीने त्याला ओळखच दाखवली नाही. नव्या गाडीत ते जरूर वापरा, आयडल व्हॉल्व्ह आणि दाबाचे आकडे लाइव्ह दिसतात. पण ‘पाइप चिरलाय’ असा कोड कुठलंच मशीन देत नाही.

नाना पेठ, तीनशे ऐंशी रुपये

पाइप आणायला मीच नाना पेठेत गेले. ‘बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप’ असंच सांगून घ्यायचा, काकांनी बजावलं होतं. मापात बसला म्हणून साधा पाण्याचा पाइप लावला तर आतल्या पोकळीने तो चपटा होतो, आणि पुन्हा ब्रेक कडक. दोन क्लिपांसकट तीनशे ऐंशी. काउंटरवरच्या मुलाने ‘कुणी मागवलाय?’ असं विचारलं. मी म्हटलं, मीच.

पाइप बसला. पण काका एवढ्यावर थांबले नाहीत. थ्रॉटल खोलून दाखवलं, तर झडपेच्या कडांवर डांबरासारखा काळा थर. आयडलच्या बारीक वाटेतही तोच. वीस वर्षांत एकदाही साफ झालेलं नव्हतं. खरं सांगायचं तर बंद पडणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांना एवढ्याच सफाईची गरज असते, आमचीच जरा वेगळी निघाली. थ्रॉटल बॉडी क्लीनर, मऊ कापड आणि पेशन्स. झडप बोटाने जोरात ढकलायची नाही, खरवडायची तर मुळीच नाही. मग त्यांनी गॅरेजवाल्यांनी फिरवलेला स्क्रू मूळ जागी आणला, बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली. इतके दिवस ईसीयू गळकी हवा आणि कचरा धरून आयडलचा हिशेब शिकला होता. आता त्याने पाटी पुसून पहिल्यापासून शिकायचं होतं. पहिले दोन दिवस आयडल किंचित वर-खाली झालं, मग आठशेवर बसलं. मजुरी नऊशे.

निघताना मी ईसीयूचं विचारलं. काकांनी नुसते हात जोडले.

पेट्रोल बदललंय, रबर तेच

एक गोष्ट मात्र त्यांनी परत परत सांगितली, आणि जुनी गाडी असणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकायला हवी. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ मध्ये ते सगळीकडे झालं. २००४ ची गाडी बनवताना हे कुणाच्या गावी नव्हतं. मायलेज कमी होतं, हे तर सगळेच बोलतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा जुन्या डिझाइनच्या, १० टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. पण आयडलच्या दृष्टीने खरे मुद्दे दुसरे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर ईसीयू ते बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरवाली गाडी बिचारी काय सांभाळणार? दुसरं, इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं आणि तो येऊन फिल्टरमध्ये बसतो. तिसरं, जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या वर्षातून एकदा वाकवून बघायच्या. आणि चौथं, ते पाणी धरतं. आठवड्यातून एकदा चालणारी, अर्ध्या टाकीवर पावसाळाभर उभी राहिलेली गाडी अशा वेळी जास्त रुसते. टाकीत पाणी जास्तच झालं तर इथेनॉल पाण्याबरोबर वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो.

सीएनजीवाल्यांनो, तुमचं थोडं निराळं आहे. बाहेरून बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या किटमध्ये कधी बॅकफायर झाला, की एअर फिल्टरचा डबा किंवा हवेचा पाइप तडकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आणि वर्षभर फक्त गॅसवर चालवून पेट्रोलचे इंजेक्टर सुकवून ठेवले, तर ऐनवेळी पेट्रोलवर गाडी हटून बसणारच. रोज थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

हे सगळं करूनही ती विकायची का? मीही हिशेब मांडून बसले होते. टायर दीड वर्षाचे आहेत, क्लच बरा आहे, चॅसी गंजलेली नाही. तिच्या जागी नवी घ्यायची तर पगारातून सात वर्षांचा हप्ता. बॉडी गंजून चाळण झाली असती किंवा इंजिन ऑइल पीत असतं, तर मी स्वतः भंगारात दिली असती, तिथे सेंटी होऊन उपयोग नाही. तीनशे ऐंशीच्या पाइपासाठी नाही देणार. पस्तीस हजारवाल्या डीलरचा अजून फोन येतो.

गेल्या मंगळवारी बाबांची पुन्हा तपासणी होती. तोच रस्ता, तीच वेळ. चांदणी चौक गेला, उतार लागला, पुढे गर्दी. मी ब्रेकवर पाय ठेवला. काटा आठशेवर. बाबांचा हात मात्र हँडब्रेकवर होता. गर्दी सुटेपर्यंत तो तिथेच राहिला, मी काही बोलले नाही. बाणेर आल्यावर त्यांनी तो काढला, डोळे मिटून थोडा वेळ इंजिन ऐकलं आणि म्हणाले,

‘‘टॅपेट वाजतायत गं जरा. पण ते पुढच्या महिन्यात बघू.’’